डोंगराचा पाऊस कोणी मोजायचा?

पनवेलमध्ये पावसाविषयी दोन तक्रारी कायम कानावर येतात. एक, पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही, कमी झाला. दुसरी, असा कोसळणारा पाऊस पूर्वी कधी पाहिला नव्हता. पुष्कळदा एकच माणूस दोन्ही बोलून जातो आणि ऐकणारे त्याला हसतात. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोजच्या नोंदी लिहिताना आणि हवामान खात्याचे आकडे वाचताना माझं मत पक्कं होत गेलं आहे की त्या माणसाला हसू नये. त्याची दोन्ही निरीक्षणं खरी आहेत. त्यांचा मेळ कसा बसतो हे समजून घ्यायला मात्र गाव सोडून डोंगराकडे जावं लागतं.

कारण पनवेलचा पाऊस डोंगर ठरवतो. पूर्वेला माथेरानचा डोंगर, त्याच्या अलीकडे प्रबळगड, त्याच्या दक्षिणेला इर्शाळचा सुळका, आणि मुंबई-गोवा रस्त्यावर कर्नाळा. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प खाडी ओलांडून सपाट भातखाचरांवरून येतं आणि या भिंतींशी त्याला वर चढावं लागतं. हवा वर चढली की प्रसरण पावते, थंड होते, आणि तिच्यात मावेनासं झालेलं पाणी खाली येतं. पनवेलला वर्षाकाठी साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, माथेरानला पाच हजारांच्या आसपास. घाटमाथा ओलांडून पुण्याला पोहोचेपर्यंत तो सातशेच्या घरात येतो. तापमानाचंही तसंच. हजार मीटर चढलं की सरासरी साडेसहा अंशांनी हवा गार होते, म्हणून आठशे मीटर उंचीचं माथेरान पायथ्यापेक्षा पाचएक अंशांनी थंड. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढले आणि पुढे तिथे गिरिस्थान वसलं, ते या पाच अंशांपायी.

आता हा पाऊस मोजायचा कसा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आपल्याकडच्या सरकारी पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असतं, म्हणजे साधारण जेवणाच्या लहान थाळीएवढं. त्यातून आत पडलेलं पाणी बाटलीत साठतं. सकाळी साडेआठला बाटली काढायची, पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांच्या पातळीवर धरायचं आणि पाण्याच्या वक्र कडेचा तळ कुठल्या रेषेला टेकतो ते वाचायचं. २० मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. मोठ्या पावसाच्या दिवशी बाटली भरून वाहते की काय या काळजीने मध्येच उठून मोजावं लागतं, आणि छत्री धरून हे करताना बाहेरचा एक थेंबही पात्रात पडू नये म्हणून अंग चोरून उभं राहावं लागतं. एवढ्याशा तोंडात पडलेल्या पाण्यावरून आपण अख्ख्या तालुक्याचा पाऊस सांगतो. सपाट मुलखात ते बऱ्यापैकी चालतं. डोंगरात चालत नाही.

२६ जुलै २००५ चा दिवस पनवेल आणि सगळा रायगड जिल्हा विसरलेला नाही. त्या चोवीस तासांत, म्हणजे २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंत, मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. एकाच शहराची दोन टोकं, मध्ये एकही डोंगर नाही, आणि आकड्यांत बारा पटींहून जास्त फरक. त्या दिवशी मुंबईत फक्त कुलाब्याचं मापक असतं तर पुढच्या पिढ्यांनी नोंदवही उघडून म्हटलं असतं की जुलैतला एक नेहमीचा जोरदार पावसाचा दिवस होता. माथेरानच्या पश्चिम उतारावर, प्रबळच्या माचीवर, इर्शाळच्या कुशीत असे किती दिवस कुलाब्याच्या आकड्यात दडले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दीर्घ काळाचा कल सांगायचा तर हवामानशास्त्रात किमान तीस वर्षांची नोंद धरतात. एखाद्या वर्षाने काही सिद्ध होत नाही. २०२५ साली मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजी दाखल झाला, नोंदींतला सर्वांत लवकर. नेहमीची तारीख ११ जून. कुलाब्याला त्या मे महिन्यात ४३९ मिलिमीटर पाऊस पडला आणि १९१८ चा उच्चांक मोडला. आमच्याकडे भाताच्या राबाची कामं त्या पावसात अडकली, शेताला वाफसा मिळेना, आणि पेरणी कधी करायची या विवंचनेत माणसं बसून राहिली. तरीही ते एक वर्ष होतं. त्यावरून पाऊस आता मे महिन्यात येऊ लागला असं म्हणणं घाईचं ठरेल. पावसाळ्याच्या दुसऱ्या टोकाचा बदल अधिक भरवशाचा आहे, कारण तो अनेक दशकांच्या नोंदींवरून काढला आहे: २०२० मध्ये हवामान खात्याने मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. हळव्या भाताची कापणी ज्या दिवसांत यायची तेच हे दिवस. कापून अंथरलेल्या भातावर पाऊस पडला की दाणा काळा पडतो, पेंढा कुजतो, हे कोकणातल्या शेतकऱ्याला कोणी तक्ता दाखवून सांगायची गरज नाही.

मोठ्या पट्ट्यावरचे आकडे त्या तक्रार करणाऱ्या माणसाची बाजू घेतात. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतीय प्रदेशातल्या हवामानबदलाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस एकूण सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ही घट ठळकपणे जिथे दिसते त्यात गंगेच्या मैदानाबरोबर पश्चिम घाटाचं नाव आहे. म्हणजे पाऊस कमी झाला हे खरं. आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, महाराष्ट्रही त्यात आला, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे असा कोसळणारा पाऊस पूर्वी नव्हता, हेही खरं.

दोन्ही एकत्र कसं घडतं? हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. ते भरायला तिला वेळ लागतो, आणि एकदा भरली की सोडते ती मोठ्या लोंढ्यात. अरबी समुद्र तापतो आहे. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सरासरी एक अंशाने तापल्याचं त्याच आढाव्यात म्हटलं आहे. समुद्रावरचे पश्चिमी वारे मधूनच उसळी घेतात, बाष्पाचा मोठा साठा किनाऱ्यावर लोटतात, आणि पुढ्यात सह्याद्री उभा असतो. मग आठ दिवसांचा पाऊस रात्रीत पडतो आणि पुढचे आठ दिवस कोरडे जातात. वर्षाची बेरीज पाहिली तर काहीच विशेष घडलेलं दिसत नाही. सरासरीची हीच मर्यादा आहे. पाणी किती पडलं ते ती सांगते, कसं पडलं ते सांगत नाही, आणि डोंगरात राहणाऱ्या माणसाचं बरंवाईट पाणी कसं पडलं यावर अवलंबून असतं.

आमच्या जुन्या पंचांगी बोलण्यात ही 'कसं'ची नोंद होती. मृगाने सुरुवात करायची, आर्द्रेत रोपं वर काढायची, पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस यांच्या मध्ये लावणी उरकायची, आणि हस्ताचा पाऊस गरव्या भाताच्या दाण्यात दूध भरायचा. प्रत्येक नक्षत्राला पावसाचा स्वभाव चिकटवलेला. तो काही विज्ञानाचा तक्ता नव्हे, पण अनेक पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली पावसाची वाटणी होती. माथेरानच्या पायथ्याच्या धोदाणीकडच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना जाणवतं की त्यांचं नुकसान पाऊस कमीजास्त होण्याने झालं त्यापेक्षा ही वाटणी मोडल्याने जास्त झालं. कोणत्या आठवड्यात काय करायचं हेच ठरेनासं झालं आहे.

उन्हाळ्यातली टंचाईसुद्धा इथूनच सुरू होते. माथेरानच्या माथ्यावर जांभा दगड आहे, सच्छिद्र, पाणी पिणारा. त्याखाली काळ्या कातळाचे थर. संततधार पडली की पाणी जांभ्यात आणि जंगलाच्या मातीत मुरतं, कातळाच्या थरावर अडतं आणि पुढचे कितीतरी महिने उतारावरच्या झऱ्यांमधून पाझरतं. एका तासात शंभर मिलिमीटर पडला तर मुरायला उसंतच मिळत नाही; ते ओढ्यांतून गाढी नदीत, गाढीतून खाडीत. एक चौरस किलोमीटर उतारावर एवढा पाऊस म्हणजे दहा कोटी लिटर पाणी. ते जाताना माती घेऊन जातं आणि वाटेत देहरंगच्या धरणात गाळ टाकतं. पनवेलची जुनी नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्या पालिकांपैकी एक, आणि तिने आपल्या गावासाठी हे धरण बांधलं. जुलैत ते भरून वाहतं तेव्हा गावातली माणसं पाहायला जातात. एप्रिल-मेमध्ये त्याचा तळ दिसतो, टँकर फिरू लागतात, आणि डोंगरातल्या वाड्यांमधल्या बाया ओढ्याच्या वाळूत डवरे खणून वाटीवाटीने हंडा भरतात. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात हे व्हावं याची मला चीड येते. पाणी मुरायला जागा आणि वेळ दोन्ही हवं. वेळ आपल्या हातून निसटला असेल, पण जागा, म्हणजे उतारावरचं जंगल आणि माती, ती तरी आपण राखायला हवी होती. पनवेलच्या भोवतालच्या टेकड्या दगडखाणींनी कशा कातरल्या गेल्या हे महामार्गावरून जाणाऱ्या कोणालाही दिसतं.

तापमानाचा कल वाचताना वेगळीच अडचण येते. पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर हा सगळा पट्टा माझ्या डोळ्यांदेखत भातखाचरांचा काँक्रीटचा झाला. अशा ठिकाणी तापमापकाचा पारा चढला तर त्यातला किती भाग जगाच्या तापण्याचा आणि किती सिमेंटचा, हे वेगळं काढणं अवघड. दोन्ही अंगाला सोसावे लागतातच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर दुपारच्या उन्हात भरलेल्या सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करायला ३७ अंशांची पायरी ठरवलेली आहे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि मैदानी मुलखात सोसवणारं तापमान इथे जीव घेतं. परंतु दीर्घ काळाचा शुद्ध कल वाचायचा असेल तर तापमापक अशा जागी हवं जिथे आजूबाजूचं काही बदललेलं नाही. तशी जागा आमच्या अगदी डोक्यावर आहे. माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी आहे, २००३ पासून तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश म्हणून जाहीर झालेला आहे, झाडी बऱ्यापैकी टिकून आहे. तिथल्या वेधशाळेच्या वहीतला एकेक अंश पनवेलच्या वहीतल्या अंशापेक्षा मोलाचा आहे असं मी मानतो.

नोंदीची अशी काळजी आपल्याकडे पूर्वी घेतली गेली आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे कळल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. आणि जुनी बंद करून मोकळे झाले असं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. त्या दूरदृष्टीमुळे ती जगातल्या सर्वांत लांब अखंड चुंबकीय नोंदींपैकी एक ठरली. हे काम पुढे चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आज नवीन पनवेलमध्ये आहे. तिच्यावरून जाताना मला दर वेळी वाटतं की पृथ्वीच्या चुंबकत्वासाठी आपण जे केलं ते डोंगरावरच्या पावसासाठी का करू नये?

हे सगळं शास्त्रापुरतं असतं तर मी एवढ्या तळमळीने लिहिलं नसतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकरांची वाडी, जायला फक्त पायवाट. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि त्यांना मृत मानावं लागलं. त्या रात्रीपर्यंतच्या तीन दिवसांत परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं नंतर विधिमंडळात सांगण्यात आलं, आणि दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती हेही. त्याआधी २०२१ च्या जुलैत महाडजवळचं तळीये, २०१४ मध्ये आंबेगावचं माळीण. तिन्ही ठिकाणी जुलै, तिन्ही ठिकाणी कित्येक तास चाललेला पाऊस, आणि कातळावर बसलेली मातीची जाड साय. पाणी त्या मातीत भरत जातं, तिचं वजन वाढतं, कातळाशी असलेली पकड सुटते. किती पाणी भरलं की सुटेल, हे प्रत्येक उतारासाठी निराळं.

इर्शाळवाडीनंतरच्या पावसाळ्यात धोदाणीच्या वरच्या अंगाला एका आजींशी बोलत बसलो होतो. त्यांनी जन्मभर माथेरानला डोक्यावरून भाजी आणि दूध नेलेलं. मी पर्जन्यमापकाविषयी काहीतरी सांगत होतो. त्या म्हणाल्या, "तू मोजतोस ना बाबा, मग सांग. किती पडला म्हणजे आम्ही खाली उतरायचं?"

"आजी, तुमच्या डोंगराचा आकडा कोणाकडेच नाही," मी म्हणालो.

"मग मोजा की," त्या म्हणाल्या.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२४ च्या जुलैमध्ये कोलकात्याला राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केलं, ते नेमकं याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी. सुरुवात दार्जिलिंग, कालिंपोंग आणि निलगिरीपासून झाली. सह्याद्रीला आपला उंबरठा स्वतः शोधावा लागेल आणि त्यासाठी लागणारी सामग्री आपल्याकडूनच जायला हवी. राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत, ही मोठी सोय आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात, पंचनामे होतात, भरपाई ठरते. पण मंडळात खाडीकाठचं गाव आणि डोंगरातली उंच माची दोन्ही येऊ शकतात, आणि केंद्र बसतं ते जिथे गाडी जाते तिथे. शिवाय दरडीसाठी दिवसाचा आकडा अपुरा आहे. दर तासाचा हवा, रात्रीच्या तासांचा तर हवाच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. माथेरान, प्रबळ, इर्शाळ, कर्नाळा या डोंगरांच्या उतारावरच्या वाड्यांमध्ये, शक्य तिथे शाळेच्या आवारात, तासाला नोंद देणारी पर्जन्यमापकं बसवावीत. एकदा बसवलेलं मापक हलवू नये, आणि हलवावंच लागलं तर अलिबागसारखी दोन्हीकडची नोंद काही काळ बरोबर चालवावी. तीस वर्षांची सरासरी निघायला तीस वर्षं लागतील, त्यासाठी आज सुरुवात करणारी माणसं हवीत. उतरायचं कधी, याचं उत्तर मात्र त्याच्या कितीतरी आधी मिळू शकतं, जर पावसाच्या आकड्याशेजारी वाडीतल्या माणसांची निरीक्षणंही लिहिली गेली: झऱ्याचं पाणी कधी गढूळ झालं, आटलेला झरा अचानक कुठे फुटला, घरामागच्या जमिनीला भेग कधी पडली, कुठलं झाड कललं, बारीक दरड कोणत्या रात्री आणि किती वाजता आली. ही निरीक्षणं वाड्यांमध्ये आजही होतात. ती तारीख-वेळेसह कागदावर यायला हवीत. पाचदहा पावसाळ्यांच्या अशा नोंदींवर भूशास्त्रज्ञ एखाद्या उतारापुरता कामचलाऊ आकडा काढू शकतात आणि पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात तो सुधारत नेता येतो. पहिलं मापक धोदाणीत बसवावं, दुसरं प्रबळच्या माचीवर, आणि त्यांची रात्रीची नोंद तहसील कार्यालयाइतकीच वाडीच्या पोलीस पाटलाच्या फोनवरही जावी.